खादाड दीर्घिकेची ओळख

चंद्राच्या पाठीवरच्या वेधशाळेत हेमांगी तांडेलनं पडद्यावरचं चित्र पाहिलं आणि पुढ्यातला डबा झाकून ठेवला. अब्जावधी प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका शेजारच्या छोट्या दीर्घिका गिळत होती. अर्धवट चावलेल्या ताऱ्यांचे ओघळ तिच्या कडेनं लोंबकळत होते. हेमांगीनं तिचं नाव ‘खादाड’ ठेवलं होतं, आणि अहवालात ‘किळसवाणी’ हा शास्त्राला न शोभणारा शब्दही घातला होता.

संचालक डॉ. पाटणकरांना तिचा प्रकल्प महिनाअखेर गुंडाळायचा होता. हेमांगीचं म्हणणं असं, की विश्व आवर्ती आहे. सरळ निघालेला प्रकाश प्रदक्षिणा घालून मूळ जागी येतो. तसं असेल तर दीर्घिकांची एकच अवाढव्य जाळी आकाशात दोन ठिकाणी, दोन वेगळ्या वयांची दिसायला हवी. अशी एक जोडी सापडली की प्रकल्प वाचला. खादाडभोवतीची जाळी तिनं सगळ्या आकाशाशी ताडून पाहिली होती. जोडी नव्हती.

“सगळ्या म्हणजे सगळ्या?” पाटणकरांनी विचारलं. निरोपाचं भाषण त्यांनी मनात जुळवलंच होतं.

“आपली आकाशगंगा सोडून, सर. ती आपण पहिल्याच दिवशी पुसतो.”

यात गैर काहीच नव्हतं. आकाशगंगेची धूळ दूरचं झाकते, म्हणून तिला नकाशातून वगळायचं, हा या मंडळींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. पण बोलून झाल्यावर हेमांगी पडद्याकडे वळली. तिनं आकाशगंगा नकाशात परत घातली, तिचं आणि शेजाऱ्यांचं वय गणितानं मागे नेलं आणि खादाडशी ताडलं. शेजारची थोरली दीर्घिका देवयानी, पलीकडचा दीर्घिकांचा कन्या समूह, जाळीतल्या तंतूंची वळणं, सगळं जुळलं.

प्रकल्प वाचला होता, पण पेढे मागवावेत असं कुणालाच वाटेना.

“म्हणजे ही खादाड आपणच,” पाटणकर म्हणाले. “तांडेलबाई, सिद्धान्त उत्तमच. पण जगाला दाखवायला जरा बरा फोटो नाही का? विश्व आवर्ती आहे म्हणता, तर आपला प्रकाश दुसऱ्याही वाटेनं फिरून येत असेल.”

येत होता. ती वाट आखूड, म्हणून चित्र अलीकडच्या वयाचं. हेमांगीनं ते लावलं.

“यात तरी पोट भरलंय का?”

“नाही सर,” हेमांगी म्हणाली. “यात आपण देवयानीकडे निघालोय.”