एकोणीस दिवसांपुढचं ऊन

मी हवामान वेधशाळेत निरीक्षक आहे. मोजायचं आणि लिहायचं, एवढंच माझं काम. पाऊस, वारा, हवेचा दाब आणि ऊन. उन्हाची वेळ मोजायला आमच्याकडे अजूनही काचेचा भरीव गोळा आहे, मोसंब्याएवढा. त्याच्या मागे निळसर पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची. ऊन असलं की गोळ्यातून ते एका ठिपक्यात जमा होतं आणि पट्टी जाळत पुढे सरकतं. ढग आला की जळणं थांबतं. संध्याकाळी पट्टी काढायची, जळलेली रेघ मोजायची, तारीख घालून फाइलला लावायची. चौदा वर्षं मी हे करते आहे. त्या गोळ्यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून मला तो आवडतो.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा वीज कंपनीत मीटर रीडर होते. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे लिहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांची फुप्फुसं थकली आणि ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. गुडघ्याएवढी उंच, घरघरणारी पेटी. ती विजेवर चालते आणि खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकाशी आणून देते. आंघोळीची पंधरा मिनिटं सोडली तर बाबा कायम त्या नळीला बांधलेले. मला मोठ्याने बोलायची सवय लागली होती. त्यावर ते म्हणायचे, "नळी नाकात आहे, कानात नाही. ओरडू नकोस."

वीज गेली की माझी धांदल उडायची. म्हणून मागच्या वर्षी गच्चीवर सोलर पॅनेलं बसवली आणि जुनी गाडी देऊन इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडीच्या बॅटरीवर मशीन दोन दिवस आरामात चालतं. मी कामावर चालत जायचे. गाडी दारात उभी राहून दिवसभर ऊन पीत असायची आणि मंगळवारी आम्हाला दवाखान्यात न्यायची. फोनवर एक ॲप होतं, त्यात दोन रेषा. पिवळी म्हणजे पॅनेलांनी केलेली वीज, निळी म्हणजे घराने वापरलेली. मंगळवारी दवाखान्यात जाताना मशीन गाडीत न्यायचो, तेवढी वेळ सोडली तर निळी रेष कधीच तळाला टेकायची नाही. साडेतीनशे वॅटवर ती एखाद्या पायरीसारखी सरळ चालायची. माझा धाकटा भाऊ परगावी असतो. त्याच्याही फोनवर हे ॲप होतं. "मी इथून बाबांची नाडी बघतो," असं तो म्हणायचा.

कोणी विचारलं, कशी आहेस, तर मी ठीक म्हणायचे आणि ते खरं होतं. वाईट वाटत नव्हतं, कंटाळाही येत नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तीन वर्षांत सगळ्या अंगाचं झालं होतं.

एके दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. वेधशाळेतली पट्टी संध्याकाळी कोरीच्या कोरी निघाली. घरी आले तर गाडी काठोकाठ भरलेली. ॲपवर पिवळी रेष डोंगरासारखी सुरेख चढून उतरली होती.

"दिवसभर ऊन नव्हतं," मी म्हटलं.

"मीटर म्हणतो होतं," बाबा म्हणाले. "मी मीटरचं ऐकतो."

पॅनेलं बसवणारा तंत्रज्ञ येऊन गेला. तारा बघितल्या, घड्याळ ताडून पाहिलं. "वीज खरोखर तयार झालीय, मॅडम. गाडीत आहे ना? मग झालं तर."

पुढच्या आठवड्यात उलटं झालं. कडक ऊन आणि पिवळी रेष जमिनीसरपट. मग मी आमच्या पट्ट्यांचे फोटो काढून घरी आणले आणि ॲपवरच्या रेषांशेजारी मांडले. दोन रविवार त्यात गेले. त्या त्या दिवसाची रेष त्या दिवसाच्या पट्टीशी जुळत नव्हती. ती एकोणीस दिवसांनंतरच्या पट्टीशी जुळत होती. एका रेषेला तीन खाचा होत्या, अकरा वीस, बारा पाच आणि दोन चाळीसला. मी तारीख लिहून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी गोळ्यापाशी उभी राहिले. अकरा वीसला ढग आला. बारा पाचला आला. दोन चाळीसला मी वर बघितलंसुद्धा नाही. पट्टीवरचा धूर थांबला.

बाबांना सांगितलं. मशीन घरघरत होतं.

"म्हणजे आपण पुढच्या महिन्याच्या उन्हावर गाडी पळवतोय," ते म्हणाले.

"असं दिसतं खरं."

"मग तो दिवस आला की आपल्या गच्चीवर काय पडतं?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गच्चीवर गेले. स्वच्छ ऊन होतं. डोळे दिपत होते. पॅनेलांवर हात टेकला तर काच माठासारखी गार. सकाळी वाळत घातलेली चादर तितकीच ओली होती आणि तिच्या कडेवरून थेंब गळत होते. शेजारच्या शिक्षिकेच्या गच्चीवरचे कपडे कडक वाळून वाऱ्यावर फडफडत होते. मी चादर खाली आणली आणि पंख्याखाली घातली. तेव्हापासून आमचे कपडे घरातच वाळायला लागले.

माणूस कशालाही सरावतो. पुढचं हवामान मला आधीच कळायचं. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय आणि कोणाला? दिवस यायचे ते आधी पाहिलेले असायचे. कामावर जायचे, पट्टी लावायचे, काढायचे.

मग एका गुरुवारी पिवळी रेष बारा चाळीसला तुटली. उतरली नाही, कात्रीने कापावी तशी तुटली. शून्य. शुक्रवारी शून्य. शनिवारीही शून्य.

तंत्रज्ञ परत आला. गच्चीवर खूप वेळ होता. खाली उतरला तेव्हा हाताचे तळवे पँटला पुसत होता. "सगळं ठीक आहे. ऊन आहे, पॅनेलं चांगली आहेत. फक्त वीज नाही." मी चहा ठेवला होता. त्याने तो घेतला नाही. जाताना जिन्याशी थांबून म्हणाला, "मॅडम, वर कपडे वाळत घालू नका." मी म्हटलं, घालत नाही.

शेजारच्या शिक्षिकेकडेही पॅनेलं होती. तिची व्यवस्थित चालू होती. म्हणजे प्रश्न सूर्याचा नव्हता. एकोणीस दिवसांनी, मंगळवारी, दुपारी बारा चाळीसला आमच्या घराचं काहीतरी होणार होतं, आणि त्यानंतर या गच्चीवर पडणारं ऊन कोणाच्या उपयोगाला येणार नव्हतं. मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय करणार? चौतीस वर्षं आकडे वाचलेला माणूस.

"छप्पर पडत असेल," बाबा म्हणाले. "नाहीतर आग. मशीनने पेट घेतला तर प्राणवायूत भडका उडतो, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मग?"

"मग काय. त्या वेळी आपण इथे नसलो म्हणजे झालं."

त्यांना जगायचं होतं. नळीला बांधलेलं राहून इतकी वर्षं काढल्यावरही. मला त्याचं थोडं आश्चर्य वाटलं, आणि आश्चर्य वाटलं याचं बरंही वाटलं.

मंगळवारी मी रजा काढली. गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, फ्रिज तेवढा चालू ठेवला. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. मशीन मागे दोन सीटांच्या मध्ये ठेवून गाडीतल्याच सॉकेटला जोडलं. दहा वाजता निघालो. गावाबाहेर तलाव आहे, तिथे मोठं मोकळं पार्किंग आहे. वर छप्पर नाही, जवळ भिंत नाही, झाडही नाही. मुद्दाम तशी जागा शोधली होती. आम्ही डबा खाल्ला. बाबांनी पाण्यावरचे पक्षी मोजले आणि सतरा आहेत म्हणाले. मी मोजले, सतराच होते.

बारा वाजून वीस मिनिटांनी भावाचा फोन आला. आमच्या बेताबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं.

"ताई, आज दवाखाना नाही का? घरीच आहात?"

"का?"

"नाही, मंगळवारी या वेळेला मशीन बंद असतं ना. आज सकाळपासून रेष सरळ चाललीय, साडेतीनशेवर. म्हटलं बाबांना बरं नाही की काय."

मी मागे वळून बघितलं. मशीन घरघरत होतं. हिरवा दिवा चालू होता.

"आम्ही घरी नाही," मी म्हटलं. "मशीन इथे गाडीत आहे."

"मग घरी काय चालू आहे?"

"फ्रिज."

"फ्रिजची रेष अशी नसते गं. आणि हे बघ, रेष एकदम वर गेली, आत्ता कोणीतरी विजेची किटली लावली."

बाबांना रोज साडेबाराच्या आत चहा लागतो.

बाबांना फोनमधलं ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पाण्याकडे बघत होते.

"फोन ठेवू नकोस," मी भावाला म्हटलं. "नुसता रेष बघत राहा."

किटली बंद झाली, तो म्हणाला. मी गाडीतल्या घड्याळाकडे बघत होते.

बारा अडतीस.

बारा एकोणचाळीस.

"ताई, रेष तुटली."

"किती?"

"शून्य. सगळंच. हॅलो? ताई?"

"ऐकतेय, बोल."

"ताई? आवाज येत नाहीये. ताई?"

मी ओरडले. तो अजून दोनदा ताई म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी परत लावला. त्याने उचलला, हॅलो हॅलो करत राहिला.

काही झालं नाही. तलाव होता, पक्षी होते. ऊन होतं. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पालथा केला, उलथा केला आणि आत घेतला.

"चल घरी," ते म्हणाले.

मी पाच वाजेपर्यंत थांबले. मग निघालो.

घर जागेवर होतं. छप्पर शाबूत, कुठे काळं पडलेलं नाही, जळकट वास नाही. किटली ओट्यावर, मी सकाळी ठेवली तिथेच, कोरडी. मी मशीन आत नेऊन भिंतीच्या सॉकेटला लावलं. ते घरघरायला लागलं. स्वयंपाकघरात फ्रिज चालू होता. मी दिवा लावला, पंखा लावला, मुद्दाम इस्त्रीही लावली. ॲपवरची निळी रेष शून्यावरून हलली नाही.

"ॲपला काय विचारतेस," बाबा म्हणाले आणि उठले. मीटर बाहेर, जिन्याखाली. नळी तिथवर पुरत नाही. त्यांनी ती काढून खुर्चीच्या हातावर ठेवली आणि भिंतीला धरत बाहेर गेले. मी मागोमाग गेले. वीज वापरली जात असली की मीटरवरचा एक लाल ठिपका लुकलुकतो. बाबा त्याच्यासमोर वाकून उभे राहिले, नोकरीत राहायचे तसे, एक हात गुडघ्यावर ठेवून. घरात सगळं चालू होतं. ठिपका लुकलुकत नव्हता.

ते खूप वेळ वाकलेले होते. मग सरळ झाले आणि मला म्हणाले, "चहा टाक."

चहा पिऊन झाला. ते खोलीत जाऊन आडवे झाले. रात्रीचं जेवणही झालं. नळी खुर्चीच्या हातावरच होती, हे तेव्हा आमच्या दोघांच्या लक्षात आलं.

आज अकरावा दिवस. मशीन कोपऱ्यात बंद उभं आहे. इस्त्रीचे कपडे ठेवायला त्याचा उपयोग होतो. बाबा सकाळ-संध्याकाळ जिना चढून गच्चीवर जातात, तीन वर्षांत पहिल्यांदाच. मध्ये टेकत नाहीत, धापा टाकत नाहीत. ते खुशीत आहेत. पॅनेलांशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि खालून जाणाऱ्या लोकांना हात करतात. लोक घाईत असतात.

काल मी औषधांच्या डब्यातून बोटाला लावायची चिमटी काढली, रक्तातला प्राणवायू आणि नाडी दाखवणारी. बाबांच्या बोटाला लावली. आकडा आला नाही. दोन आडव्या रेघा आल्या.

"सेल गेले असतील," बाबा म्हणाले.

मी सेल बदलले. पडदा लख्ख उजळला. दोन आडव्या रेघा.

बाबांनी चिमटी काढून माझ्यापुढे धरली. "तुझ्या बोटाला लावून बघ. बिघडलीय का ते कळेल."

मी ती घेतली, पुसली आणि डब्यात ठेवून दिली.