खण नसलेलं कपाट

आगीची घंटा खोटी होती, सराव होता नुसता. ऊन मात्र अगदी खरं होतं. सगळं ऑफिस जिन्यांवरून ओघळत खाली आलं आणि पार्किंगमध्ये मोटारींच्या सावल्या शोधत उभं राहिलं. कुणी लॅपटॉप पोटाशी धरलेला, कुणी जेवणाचा डबा. माझ्या शेजारी एक उंच, विस्कटल्या केसांचा माणूस येऊन थांबला. त्याच्या कडेवर — हो, कडेवरच — एक जाडजूड पुस्तक होतं.

"आगीतून हे वाचवलंत?" मला राहवलं नाही.

"बायको नाही, बाळ नाही... मग हेच," तो म्हणाला आणि पुठ्ठ्यावरची धूळ बाहीनं पुसली. अगदी बाळाचं तोंड पुसावं तशी.

मी मान तिरकी करून नाव वाचलं. चिपचे आराखडे ज्या भाषेत लिहितात, तिच्या नियमांचं पुस्तक. स्क्रीनवर फुकट दिसत असताना छापून, बांधून घेणारा हा एकटाच प्राणी असणार.

"मी वरच्या मजल्यावर आराखडे करतो," तो म्हणाला. "खाली तपासणीत कुणी फौजदार बाई आहेत म्हणे. फार कडक?"

फौजदार मीच. लोकांच्या आराखड्यांतल्या चुका धरते, म्हणून सगळ्यांनी मिळून केलेलं बारसं. मी चेहरा कोरा ठेवला.

"फार. चावतातसुद्धा."

"चावू देत. पण त्यांनी मला न बघताच पास केलंय, आणि..." तो अडखळला, "मला ते चालणार नाही."

ओठांवरचं हसू ओठांवरच वाळलं. त्या दिवशी मी पास केलेला आराखडा एकच — श्रवणयंत्राच्या चिपचा. लहान मुलांच्या कानामागे बसणार होती ती. सकाळीच मी 'सगळं ठीक' म्हणून कळवलं होतं आणि संध्याकाळी आराखडा कारखान्यात जाणार होता. एकदा गेला की गेला. मग चूक निघाली, तर ती चिपगणिक, कानागणिक निघणार.

"न बघता म्हणजे? फौजदार मीच आहे."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला.

आम्ही कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसलो. त्यानं पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. बोट पानावर आणि डोळे माझ्यावर.

"खऱ्या आराखड्याबरोबर मी तपासणीला आणखी एक प्रत लावली होती, तिच्यात मुद्दाम एक चूक घातली होती. चांगली ढळढळीत. तुमच्या तपासणीनं तीही पास केली."

"शक्यच नाही."

"मलाही तसंच वाटलं. मग तुमच्या तपासणीचा प्रोग्रॅम वाचला. गेल्या आठवड्यात तुम्ही आवाजाच्या तक्त्याचं माप मोकळं केलंत ना?"

केलं होतं. प्रत्येक मुलाचं ऐकणं वेगळं, म्हणून तक्त्याच्या ओळी कमीजास्त, आणि ओळीतले आकडेही कमीजास्त. आधी सगळं ठरलेल्या मापाचं होतं. मी ते लागेल तसं वाढणारं केलं.

"कपाट समजा," तो म्हणाला. "ठरलेल्या मापाचं कपाट खणांसकट येतं. मोकळ्या मापाचं मागितलं, की या भाषेत नुसतं कपाट मिळतं. आतला खण न् खण, म्हणजे तक्त्याची एकेक ओळ, वेगळा मागावा लागतो..."

"आणि मी कपाटच मागितलं," मी म्हणाले. "तपासणी प्रत्येक खण उघडून बघते. खणच नाहीत, तर..."

"तर उघडणार काय? काही सापडलं नाही, म्हणून हिरवा दिवा."

ऊन एकदम फार वाटलं. मी त्याच्याकडे बघितलं. पेपर पास झालेला असताना मास्तरांकडे परत तपासायला आणणारा हा कोण?

"गप्प बसला असतात तर? तुमचं वर्षभराचं काम सुटलं असतं."

"आणि एखाद्या पोराला आईच्या हाकेऐवजी खरखर ऐकू आली असती तर?" त्यानं पुस्तक मिटलं. "चला, आग विझली बहुतेक."

वर आल्यावर आधी मॅडमना गाठलं. माझ्या साहेब त्या. म्हटलं, सकाळचं माझं 'ठीक' परत घेते. त्यांनी चष्म्यावरून मला पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या उंच माणसाला, मग पुन्हा मला.

"घे की परत. कारखाना काय पळून जातोय? पण नीट बघ गं या वेळी."

लिहायला फारसं नव्हतंच. एकेका ओळीला तिच्या तिच्या मापाची जागा, बस्स. आधी त्याची चुकीची प्रत लावली. लालभडक दिवा! आम्ही दोघं असे हसलो, की शेजारच्यानं कानातली गाणी काढून बघितलं. चूक सापडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मग खरी प्रत. पडद्यावर आकडे सरकू लागले, हळू... फार हळू. तो खुर्ची ओढून बसला. त्याच्या बाहीला अजून पुस्तकाच्या धुळीचा वास.

"घाबरलात?" मी विचारलं.

"तुमच्या शेजारी बसून? थोडासा."

"मी आराखड्याबद्दल विचारतेय."

"त्याबद्दल नाही," तो म्हणाला, आणि पडद्याकडे अगदी मन लावून बघू लागला.

आणि दिवा हिरवा झाला. या वेळी खराखुरा, सगळं उघडून, चाचपून झालेला हिरवा. छातीवरची शिळा कुणी अलगद उचलून न्यावी तसा श्वास मोकळा झाला. डोळे भरले. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

मॅडमना कळवलं, आराखडा वाटेला लागला. मग सुचलं.

"पण तुम्ही स्वतःच्या कामात चूक घातलीच कशाला?"

त्याचे कान तांबडे झाले. "फौजदारांनी... धरावं म्हणून. तुम्ही फोन कराल, रागवाल, नाहीतर वर याल. दुसरं निमित्तच सापडेना. माझे आराखडे बिनचूक असतात, तिथेच घात झाला."

"मग?"

"वाट पाहिली. फोन आला नाही. आधी वाईट वाटलं... मग भीती वाटली."

मी इतकी हसले, की टेबलावरचा फोन वाजलेला कळलाच नाही. आई होती.

"झालं का गं तुझं ते काम?"

"झालं, आई."

"मग आवाज असा काय? रडतेस की हसतेस? आणि जवळ कोण आहे?"

तो दोन्ही हातांनी नको-नको करत होता. मी फोन सरळ त्याच्या हाती दिला. शाळेत उभं केल्यासारखा तो ताठ झाला.

"नमस्कार काकू... हो, जेवलो... नाही, खोटं बोललो, जेवलो नाही अजून." मग फोनवर तळवा ठेवून तो माझ्याकडे वळला. चेहरा पार उतरलेला. "विचारतायत, मी तुमचा कोण. काय सांगू?"

"सांग," मी म्हणाले, "आज तूच घरी येतोयस. तिचं ती ठरवेल... माझं ठरलंय."