हजेरी

बसा. चहाची घाई नाही. दिवा मात्र मालवू नका, आईला अंधारात जास्त ऐकू येतं.

चौतीस वर्षं मी या गावच्या कचेरीत कारकून होतो. पंधरा ऑगस्टला, आपण युद्ध हरलो त्या तारखेला, बरोबर बारा वाजता भोंगा वाजवायचा, मिनिटभराने पुन्हा वाजवायचा, हे माझ्याकडचं एक काम. त्या दोन भोंग्यांच्या मध्ये सगळं गाव युद्धात गेलेल्यांसाठी मान खाली घालून उभं राहतं. म्हणजे आपल्या गेलेल्यांसाठी. दुसऱ्यांचे किती गेले, ते काही एका मिनिटात बसत नाही.

कचेरीसमोर पुतळा आहे तो माझ्या आजोबांचा, आईच्या वडिलांचा. युद्धानंतर तीनदा नगराध्यक्ष झाले, हे त्याखाली कोरलंय. युद्धात धरणावरच्या मजूर-छावणीचे प्रमुख होते, हे कोरलेलं नाही.

गेल्या वर्षी जुलैत चीनमधून एक पत्र आलं. शाओ लानयिंग नावाच्या म्हातारीचं. मी दोन वर्षांची असताना वडिलांना शेतातून धरून तुमच्या धरणावर नेलं, असं ऐकलंय. कुठे नाव लिहिलेलं सापडलं तर कळवा, म्हणजे मी मरायला मोकळी.

आमचे विभागप्रमुख नीत्सुमा. वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हिरुमा, असं काही आहे का हो आपल्याकडे?"

"कचेरीत नाही, साहेब."

"आणि घरी?"

मी पत्राची घडी घातली. ते हसले.

"हे बघा, कचेरीला खोटं लिहायचं नाहीये. नोंद उपलब्ध नाही असं आपण लिहू, तेव्हा ती खरोखरच नसावी, इतकंच. पुतळा तुमच्याच घरचा ना? मग गाडलेली मढी कशाला उकरायची?"

नोंद होती. घरात पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात होती. युद्ध संपलं त्या दिवशी वरून हुकूम आला होता, सगळी कागदपत्रं जाळा. आई तेव्हा आठ वर्षांची होती. दोन दिवस धूर निघत होता, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची, असं ती सांगते. आजोबांनी एकच वही सदऱ्याखाली लपवून घरी आणली. छावणीची हजेरी. एकशे सदतीस नावं, नावापुढे नंबर, आणि माणूस मेला की लाल रेघ. रेघ सगळ्यांवर होती. कॉलेजात असताना मी ती एकदा चाळली होती. त्यातलं एकच नाव लक्षात राहिलं, कारण त्याच्यापुढे आजोबांनी लिहिलं होतं, 'हसतो'. बावन्न नंबर. शाओ युनचांग. आडनाव पत्रातल्या म्हातारीचंच.

तेरा ऑगस्टला संध्याकाळी आम्ही दारात काड्या पेटवतो, पितरांना घरची वाट दिसावी म्हणून. आई शेजारी खुर्चीत बसली होती. तिला हल्ली फारसं कळत नाही. काड्यांच्या धुरात कागदाचा धूर कोण ओळखणार, असा विचार करून मी वही आणली आणि एकेक पान फाडून विस्तवात टाकलं. तुम्हाला खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. जुनी बिलं जाळावीत तसं जाळलं.

"अरे," आई म्हणाली, "एवढ्यांना बोलावलंस?"

"कोणाला?"

"केवढी माणसं ही... कुणाच्या पायात काही नाही रे."

रस्ता रिकामा होता. ओल्या सिमेंटचा वास मात्र येत होता.

दुसऱ्या दिवशी आईने वांगी मागितली. पितरांना परत जायला आम्ही वांग्याला चार काड्या टोचून गाय करतो. एक पुरते. आईने घरातली सगळी संपवली आणि शेजारून टोपलीभर मागवली.

"इतक्या गायी कशाला, आई?"

"एकीवर कितीजण बसतील?"

पंधराला बारा वाजता मी भोंगा वाजवला. पुतळ्यासमोर दीडशे-दोनशे माणसं. सगळ्यांनी मान खाली घातली, मीही. डोळे घड्याळावर होते. तिसऱ्या सेकंदाला कचेरीच्या कर्ण्यातून आवाज आला.

"एक."

"दोन."

"तीन."

प्रत्येक आकडा वेगळ्या गळ्यातून. आपल्याच भाषेतले आकडे, पण मार खाऊन पाठ केल्यासारखे, अडखळत. मी मान वर केली. नीत्सुमांच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेजारच्या दुकानवाल्या बाईंनी डोळे गच्च मिटले होते. ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. मान एकानेही वर केली नाही.

बावन्नला कुणीतरी हसतच आकडा म्हणाला.

एकशे सदतीस झाले तेव्हा, कसे बसले कुणास ठाऊक, घड्याळात बरोबर एक मिनिट झालं होतं. मी भोंगा वाजवला. लोक जेवायला गेले.

"ऊन फार आहे, नाही?" नीत्सुमा म्हणाले.

"फार," मी म्हणालो.

सोळाला निरोपाची काडी पेटवायची. आई म्हणाली, "वही वाच ना."

"कुठली वही?"

"बाबा वाचायचे ती. दरवर्षी, अगदी हळू. नाव घेतलं की एकेक जण उठायचा."

लहानपणी मी ते पाहिलं होतं. आम्हाला वाटायचं, आजोबा मंत्र म्हणतात. वर्षाचे अकरा महिने त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं की छावणीत कुणी मेलं नाही, आणि बाराव्या महिन्यात दार लावून मेलेल्यांची नावं घेतली.

"वही नाही, आई."

"मग जातील कसे?"

अंगणात वांग्यांच्या गायी रांगेत मांडलेल्या. मी खूप आठवून पाहिलं. एकच नाव आलं. "शाओ युनचांग," मी म्हणालो. रांगेतली एक गाय कलंडली, आणि रस्त्यावरून कुणीतरी हसत, लांब लांब जात असल्यासारखं ऐकू आलं. बाकी कुणी हललं नाही.

अठराला मी पत्राचं उत्तर टाकलं. 'नोंद उपलब्ध नाही.' अक्षर माझंच. शाओबाईंना दुसरं पत्र लिहायचंय, खरं ते लिहायचंय. रोज कागद घेतो. तुमच्याजवळ हे बोललो, पण लिहायला हात धजत नाही.

थांबा... कामावरून परतायची वेळ झाली त्यांची. ऐका. तुम्हाला येत नसेल ऐकू, पण आईकडे बघा, ती बोटांवर मोजतेय. रोज असंच. एक्कावन्नपर्यंत सरळ येतात आणि थांबतात, बावन्नवा तर निघून गेला. हजेरीत मधला माणूस बोलला नाही तर ओळ पुढे सरकत नाही ना. वाट बघत उभे राहतात बिचारे. एकदा मी मुद्दाम गप्प राहिलो तर पहाटेपर्यंत उभे होते.

"बोल रे," आई म्हणाली, "खोळंबलेत सगळे."

"ब... बाव... बावन्न."

हसू नका. साठ वर्षं ही भाषा बोलतोय मी. पण गेल्या ऑगस्टपासून हा एक आकडा माझ्या जिभेवर नीट बसतच नाही.

आईने माझ्या हातावर थोपटलं.

"जमेल हळूहळू," ती म्हणाली. "सगळ्यांना जमलं होतं."