दातांतला राळा

दंतवैद्य ज्या नाजूक हाताने दातांवरचं कीटण खरवडतो, त्याच हाताने डॉ. ओवी सरवदे खरवडत होती. फरक एवढाच, की तिच्यासमोरचा माणूस दुखतंय म्हणून तोंड मिटणार नव्हता.

किनारा वाचवण्यासाठी बांधली जात असलेली समुद्रभिंत चक्रीवादळात ढासळली आणि तिच्या पायथ्याशी असलेली मजुरांची वसाहत पाण्याखाली गेली. प्रेतं किनाऱ्याला लागली तेव्हा चेहरे ओळखण्याजोगे नव्हते, बोटांचे ठसेही उरले नव्हते. मजुरांची यादी ज्याच्याकडे होती तो ठेकेदार फरार होता. डीएनए मिळत होता. पण तो जुळवायला आई नाहीतर बाप समोर हवा. त्यांना शोधायचं कुठे?

म्हणून ओवीला बोलावलं होतं. गवताच्या जातीची पिकं मातीतली सिलिका शोषून घेतात आणि आपल्या पेशींमध्ये साठवतात. पीक कुजलं, जळलं, तरी पेशीच्या आकाराचा काचेसारखा कण मागे राहतो. ओवी त्याला गारकण म्हणायची. भाताचा गारकण वेगळा, बाजरीचा वेगळा. जेवताना असे कण दातांच्या कीटणात अडकून बसतात. पूर्वी उत्खननातल्या सांगाड्यांसाठी वापरली जाणारी ही विद्या ओवीने एका वाचकयंत्रात बसवली होती. कीटण घातलं की यंत्र धान्य सांगायचं, आणि धान्यावरून मुलूख.

“पुन्हा समपीठच, मॅडम,” तिचा सहकारी तौसिफ पडद्याकडे बघत म्हणाला.

सकाळपासून हेच चाललं होतं. लागोपाठच्या दुष्काळांनंतर रेशनवर समपीठ सुरू झालं होतं. साल पुरती उतरवलेल्या धान्यांचं, बारीक दळलेलं, राज्यभर एकाच चवीचं पीठ. त्याने उपासमार थांबली, हे खरं. पण गारकण असतात ते सालीत. समपीठावर वाढलेल्या पोरांच्या दातांत ओळख पटावी असं काही उरतच नव्हतं. आणि इथे पडलेली बहुतेक पोरंच होती.

दुपारी मात्र यंत्राने वेगळंच उत्तर दिलं. पडद्यावर नागमोडी कडांचे, एकमेकांत गुंतलेले आकार उमटले.

“राळा!” ओवी खुर्चीतून उठलीच. “आणि हा घरी कांडलेला आहे. गिरणीत एवढी साल राहत नाही.”

“राळ्यासारखं जुनं भरडधान्य अजून पिकवतं कोण?”

बियाण्यांच्या पाहणीत त्याचं उत्तर होतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातली एकच वस्ती, कातळवाडी. तौसिफने आनंदाने टेबलावर थाप मारली, आणि समोर कोण निजलंय हे ध्यानात येताच हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी ओवी कातळवाडीत पोहोचली. राळ्याचं शेत विचारल्यावर लोकांनी तिला चांगुणा धिंदळेच्या अंगणात आणून सोडलं. चांगुणा पन्नाशीची, काटक बाई. ती उखळात राळाच कांडत होती.

“बियाण्यासाठी आलात ना? मागं बी एक ताई येऊन गेल्या,” ती म्हणाली. “बसा. आधी दोन घास खाऊन घ्या.”

ओवीने तोंड उघडलं, पण तोवर ताटली समोर आली होती. पिवळसर, मोकळा भात. ओवीने घास घेतला आणि दाढेखाली सालीची बारीक कचकच लागली.

“लागतंय का साल? माझा रोहिदास चिडायचा. पर खायचा हेच. समपिठाची भाकर म्हनं घशाखाली उतरत नाय.” चांगुणा हसली. “समुद्राच्या भिंतीवर गेलाय कामाला. लई दिस झाले, फोन लागंना.”

ओवीने ताटली खाली ठेवली. “मावशी, मी बियाण्यासाठी नाही आले.”

तिने सांगितलं. सावकाश, कुठलंही आडवळण न घेता. चांगुणा ऐकत राहिली. मुसळ तिच्या हातात तसंच होतं.

“तोंडावरनं वळखला?”

“दातांवरून. तुम्ही भरवलेला राळा होता त्यात. मात्र तो रोहिदासच आहे का, हे पक्कं करायला तुमच्या तोंडातली लाळ लागेल.”

चांगुणाने मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं आणि लहान मुलासारखा आ केला. ओवीने कापसाची काडी तिच्या गालाच्या आतून फिरवली. मग चांगुणा मटकन खाली बसली आणि वस्ती जमा झाली ती तिच्या आवाजाने.

शेजारची सुमन सगळ्यांच्या आधी धावली. तिचा गोरख रोहिदासबरोबर एकाच गाडीतून गेला होता. तिने चांगुणाला सावरलं, पाणी पाजलं, स्वतःही दुसऱ्या पेल्यातून प्यायली. मग ओवीकडे वळली.

“माझ्या गोरखच्या दातात काय गावलं?”

“बाकी कुणाच्याच दातांत काही सापडलं नाही, ताई. तुमच्या घरी राळा...?”

“नाय. त्यो जल्मापासनं समपिठावरच वाढला.” सुमनच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. “म्हंजी त्यो त्यात नाय!”

“तसं नसतं. तुम्हीही लाळ दिलीत तर—”

“कशापायी? यंत्राला गावला नाय म्हंजी नाय त्यो तिथं!” सुमनने तोंडावर पदर दाबला आणि ती तरातरा घरात निघून गेली.

आठवडाअखेर शीतगृह रिकामं होणार होतं. बेवारस प्रेतांना एकत्र अग्नी द्यायचं ठरलं होतं. सुमनने प्यायलेला पेला ओट्यावर पडला होता. ओवी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यात कधी न विचारता कुणाचा नमुना घेतला नव्हता. शेवटी तिने पिशवीतून नवी काडी काढली, पेल्याच्या काठावरून फिरवली आणि कुपी बंद केली.

दोन्ही नमुने शीतगृहातल्या दोन प्रेतांशी जुळले.

चांगुणा रोहिदासला न्यायला आली तेव्हा सोबतीला सुमन होती. आतमध्ये पांढऱ्या कापडाखाली रांगा होत्या. चांगुणा मुलाच्या पायांशी बसली, रडली नाही, कापडावरून नुसता हात फिरवत राहिली. सुमन मात्र दारातच थबकली. तिची नजर एकेका कापडावरून सरकत गेली. गोरख रोहिदासच्या शेजारीच होता. त्याच्या कापडावर अजून नाव लावलेलं नव्हतं. ओवीनेच तौसिफला थांबवलं होतं.

सुमनने ओवीचा हात घट्ट धरला.

“ताई, तुम्ही शिकलेल्या. खोटं नाय बोलायच्या,” ती हळूच म्हणाली. “ह्यात माझा नाय ना?”