टाकीवरचा हात

स्टीलच्या भांड्यावरचं स्टिकर काढायला आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे येतात. डबा जरा गरम करायचा, कोपऱ्याला नख लावायचं, सावकाश ओढायचं. घाई केली की कागद निघतो आणि गोंद राहतो. शाळा मी फार पाहिली नाही, पण घाई कुठे करायची नाही ते मला कळतं.

माझ्या मुलाने, प्रबुद्धने, घाटकोपरहून जुनी मोटरसायकल आणली. काळी, चकचकीत. पेट्रोलच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत स्टिकर: आईचा आशीर्वाद.

"कुणाच्या आईचा?" मी विचारलं.

"असं काय करतेस आये, सगळेच लावतात."

"तुझी आई मेली नाही अजून. रोज सकाळी पाठीवर हात ठेवून धाडते ना तुला? मग ही कोण?"

सून संघमित्रा हसली. "सवत आणलीय तुम्हाला, सवत!"

रविवारी पार्किंगमध्ये पाट टाकून बसले. टाकीला ब्लेड लावायचं नाही, रंग खरवडतो. गरम पाण्यातून पिळलेलं फडकं अक्षरांवर दाबून धरलं. स्टिकर मऊ झालं, सालीसारखं निघालं. खाली गोंद राहिलाच. त्यावर खोबरेल चोळलं, मुरू दिलं, साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत.

दुसऱ्या सकाळी टाकीवर धूळ बसली होती. सगळीकडे नाही, फक्त अक्षरांच्या जागी. आईचा आशीर्वाद. बोट लावलं, ते चिकटलं.

तेल कमी पडलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"सोड ना आता, आये."

"मी हातात घेतलेलं काम अर्धं सोडत नाही. तू सोडतोस."

आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. लिंबू आम्ही डाळीत पिळतो, गाडीला बांधत नाही. म्हणून प्रबुद्धला म्हटलं, गाडी घेतलीस त्या दुकानदाराला फोन लाव, कसला गोंद आहे ते विचारते.

"मला काय माहीत, मावशी," दुकानदार म्हणाला. "एक बाई विकायला आली होती, मुलाची गाडी म्हणून. पैसे घेतले, पण टाकीवरचा हात काढेना."

"मग?"

"मग काय, आम्हीच सोडवला."

"आणि तिचा मुलगा?"

गिऱ्हाईक आलंय म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी थिनर आणला. थिनरने रंग जातो, मला माहीत होतं. तरी घासलं. काळा रंग फडक्यावर उतरला, आणि त्याच्याबरोबर अक्षरंही गेली.

सकाळी तिथे पंजा होता. धुळीचा. पाचही बोटं स्पष्ट, माझ्यापेक्षा बारीक.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. टाकीजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "बाई, तुझं दुःख मोठं असेल. पण हा माझा आहे. तू दुसरीकडे बघ."

आणि पंजाही पुसून काढला.

त्यानंतर टाकी कोरडी झाली. रंग गेलेल्या जागेवर धूळसुद्धा बसेना. प्रबुद्ध कुरकुरला, "गाडीची पार वाट लावलीस." मी म्हटलं, रंग काय, पुन्हा मारता येतो.

आज सकाळी मी कणीक मळत होते. प्रबुद्ध हेल्मेट घेऊन अंधेरीला कामावर निघाला. रोजच्यासारखा ओट्याजवळ आला, माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभा राहिला.

थांब, हात धुते, असं म्हणणार होते.

त्याचा शर्ट पाठीवर एका जागी दबला.

प्रबुद्ध हसला. "बस झालं, आये. सोड आता, उशीर होतोय."

माझे दोन्ही हात कणकेत होते.