मागे कोण बसलंय

दिवा राहू दे. भीती वाटली तर मला सांगू नका, एकमेकांना सांगा.

तुफान माझ्या ओळखीतला. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. गाडी तुफान हाणतो म्हणून हे नाव, असं लोकांना वाटायचं. खरं तर तो घोरायचा तुफान. पण साथीच्या दुसऱ्या वर्षी ते घोरणंच बंद पडलं. झोप असेल तर घोरेल ना माणूस! गाडीतच पाठ टेकायची, डोळा लागतो न लागतो तोच फोन. बायकोशी बोलायचं तेही फाटकाबाहेर उभं राहून.

मागे पेशंटजवळ बसायची ती सिस्टर. वयानं याच्या धाकट्या बहिणीएवढी, पण हुकूम सासूचा. "दादा, खड्डे बघून चालवा, मागे माणसं आहेत, बटाटे नाहीत." एक दिवस ड्यूटीवरच ती चक्कर येऊन पडली. तापानं फणफणली होती. यानंच तिला घरी सोडलं. उतरताना एवढंच म्हणाली, "मागे कुणाला एकटं नेऊ नका हो."

नेऊ नका म्हणे! माणूस होतं कुठे?

त्यानंतर आठवड्यानं, एप्रिलमधल्या शेवटच्या शुक्रवारी, रात्री एक वाजता काम आलं. गावच्या दवाखान्यातल्या एका आजोबांना मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचं. रोजचंच काम. घरचे सगळे आजारी, त्यामुळे सोबत कोणी नाही. तुफाननं स्वतःच त्यांना ऑक्सिजन लावला, पट्टा बांधला. "अर्धा तास, आजोबा. पोचलोच." आजोबांनी त्याची बाही धरली, ती सोडेनात. त्यानं एकेक बोट सोडवलं आणि दार लावून घेतलं.

मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमननं हातच जोडले. "एकही खाट नाही हो. पुढच्या शहरात बघा."

पुढचं शहर म्हणजे आणखी तासाभराचा रस्ता. लावलेला सिलिंडर तेवढा पुरणार नव्हता. भरलेला दुसरा मागेच होता, पण तो वाटेत थांबून बदलायला हवा. पुलापाशी बदलू, असं त्यानं ठरवलं. आणि उद्या गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवायची, हेही ठरवलं. बस झालं. अंगात काही उरलं नव्हतं.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुफान गालावर चापट्या मारत चालवत होता. तरी एकदा पापणी मिटली, गाडी कडेला ओढली गेली...

"दादा, डोळे उघडे ठेवा."

मागून.

त्यानं गाडी सावरली. आवाज मास्कआडून आल्यासारखा दबका. पण ओळखीचा.

"श्वास घ्या, आजोबा. हळू. असा..."

ड्रायव्हरच्या पाठीमागे छोटी काच असते. त्यानं आरशातून तिकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत साथीतला पांढरा सूट. वाकलेली पाठ.

पुन्हा पाहिलं नाही.

पूल आला. गाडी थांबली. उतरायचं होतं. हात कडीवर गेला... बोटं वळेनात.

आत लोखंडावर लोखंड वाजलं. सिलिंडरवर पाना फिरत होता. सुस्स... मग काही नाही.

मग काचेवर दोनदा टकटक.

"झालं. चला, दादा."

पुढचा रस्ता कसा कापला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

पोचल्यावर वॉर्डबॉयनं मागचं दार उघडलं. आत आजोबा. एकटे. श्वास चालू. नळी भरलेल्या सिलिंडरला जोडलेली, रिकामा बाजूला आडवा.

"एकटाच आलास? मग हा बदलला कोणी?"

स्ट्रेचर हलवताना आजोबाच पुटपुटले, "त्या बाईंना घरी पाठवा. हात फार तापलाय त्यांचा..."

आत्ता तुमच्या मनात आलं ना, तेच त्याच्याही मनात आलं. तांबडं फुटता फुटता तो सिस्टरच्या दारात उभा राहिला. नवऱ्यानं दार उघडलं. तुफानचा चेहरा बघूनच त्यानं ओळखलं.

"अहो, बरी आहे ती," नवरा म्हणाला. "पहाटेच ताप उतरला. रात्रभर बडबडत होती, म्हणून मी तिच्या खोलीच्या दारालाच पाठ लावून बसलो होतो."

तुफान तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडला. हो, तो. किल्ली? ती अजून त्याच्याच खिशात असते.

रडणं ऐकून सिस्टरनं आतून खिडकी उघडली. "काय हो दादा, जरा झोपलात की नाही?"

तुफाननं वर पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं.

आठवडाभर ती त्या खोलीत एकटी होती. तोंड झाकायचं कारणच नव्हतं. पण नाकाच्या हाडावर, दोन्ही गालांवर लालभडक खोल वळ होते. दिवसभर मास्क आणि चष्मा आवळून बांधला की उठतात, तसे.

"हे गं काय?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं गालाला बोट लावलं... आणि चटकन मागे घेतलं. वळ ताजा होता.