खोलीची शांतता, एक मिनिट

१४ नोव्हेंबर, मंगळवार. आभाळ सकाळपासून भरलेलं. वारा अजिबात नाही, त्यामुळे आवाजाच्या कामाला दिवस चांगला.

साडेदहाला चिमीच्या घरी पोचलो. चिमी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जाऊन आज सात महिने झाले. घर विकलं गेलंय, उद्या पाचला किल्ली द्यायची. त्याआधी तिच्या मुलीला, माझ्या भाचीला, तिथे आपल्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. सिनेमा भुताचा, आणि तिचा पहिलाच. हात आखडता, म्हणून घर आईचं, कॅमेरा उसना आणि आवाज टिपायला मामा. रेडिओ-टेप दुरुस्त करता करता हे काम मी आपलं आपणच शिकलोय.

रात्रीचा प्रसंग भरदुपारी घ्यायचा होता, म्हणून खिडक्यांवर काळी कापडं ठोकली. खोली एकदम लहान झाली. चिमीचा पलंग होता तिथेच होता, आणि छातीला चोळायच्या मलमाचा वास अजून गेला नव्हता.

भूत झालेल्या बाई एरवी दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेतात. केसांना पावडर फासून त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "भुताला चहा मिळेल का?"

"मेल्यावर कसला चहा, मावशी?" कॅमेरावाला म्हणाला.

"फुकट राबतेय रे मेल्या, चहा तरी पाज!"

भाची हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, आईनं शेवटी शेवटी तुला फोन केला होता ना? काय म्हणाली रे?"

हे तिने आधीही दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा सांगितलं तेच मी सांगितलं, "असंच. तब्येतीचं."

दोन-चाळीसला प्रसंग संपला. त्यानंतर माझं एक काम उरतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संवादांमधल्या फटी बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. म्हणून सगळ्यांनी असतील तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि मी एक मिनिट नुसती खोली टिपायची. हेडफोन चढवले, बटण दाबलं. आम्ही चौघं.

पंधराव्या सेकंदाला श्वास ऐकू आला. माइक पलंगाच्या उशाशी होता आणि तिघंही लांब, दाराशी उभे. दोन श्वास सरळ, तिसरा मध्येच अडकणारा. पुन्हा दोन सरळ, तिसरा अडकणारा. मग ओठ विलग झाल्याचा बारीक आवाज, कुणी बोलायला तोंड उघडावं तसा...

मिनिट फुकट जाणार म्हणून मी चिडलो. आवाजाच्या काट्यावरची नजर न काढता म्हणालो, "गप्प बस जरा, रेकॉर्डिंग चालू आहे."

श्वास थांबला.

मान वर केली तर तिघंही माझ्याकडे बघत होते.

"कुणाला म्हणालास, मामा?" भाची म्हणाली. "आम्ही तर हललोसुद्धा नाही."

तिने माझ्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले आणि तेवढा भाग लावायला सांगितला. एकदा ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. चिमीला लहानपणापासून दमा. हा अडकणारा श्वास ऐकत ही पोरगी वर्षानुवर्षं शेजारी झोपली होती.

"आई आहे..." ती म्हणाली. बाईंनी पावडरीच्या केसांवर पदर घेतला आणि कॅमेरावाल्याला घेऊन बाहेर गेल्या. भाची म्हणाली, "बोलायला लागली होती ती. तू गप्प का केलंस तिला?"

मग सांगावंच लागलं. "आधीही केलंय."

दोन एप्रिलला, चार-दहाला, चिमीचा फोन आला होता. मी एका जाहिरातीसाठी नळाचं पाणी टिपत होतो. "दादा, एक सांगायचं होतं..." एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, गप्प बस जरा, रेकॉर्डिंग चालू आहे, नंतर करतो. केला नाही. बारा दिवसांनी ती गेली. याच वहीत त्या तारखेला माझ्याच अक्षरात आहे: नळ, तीन मिनिटं, स्वच्छ.

भाची रडली नाही. हेडफोन माझ्या हातात न देता तिने पलंगावर ठेवले. "उद्या पाचपर्यंत घर आपलं आहे," ती म्हणाली. "उद्या ये, आणि विचार तिला. मी अंगणात थांबेन."

१५ नोव्हेंबर, बुधवार. स्वच्छ ऊन. वारा नाही.

दुपारी दोन ते तीन एकटाच खोलीत. काळी कापडं तशीच. माइक उशाशी, कालच्याच जागी. सुरुवातीलाच म्हणालो, "चिमे, बोल. मी ऐकतोय. आज दुसरं काही काम नाही." हेच दर पाच मिनिटांनी, एकूण अकरा वेळा. दर वेळी आवाजाचा काटा हलला. दोन-पन्नासनंतर मी तोंड मिटून बसलो. काटा हलतच राहिला. हेडफोनमध्ये काही नव्हतं.

साडेतीनला अंगणात बसून भाचीने आणि मी टिपलेला पूर्ण तास ऐकला. चिमीचा आवाज नाही. श्वास नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा नाही, खुर्चीच्या करकरीचा नाही. अकरा जागांपैकी एकाही जागी माझाही आवाज नाही.

पाचला किल्ली दिली.